रोलाँ गारोस २०२५ : लाल मातीचे अंदाज (नावं रविवारी दुपारी अडीचच्या आत!)

लालमाती (२२ मे)

मंडळी, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) निघाला. रविवारी २५ तारखेला रोलाँ गारोस, म्हणजे पॅरिसची फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा, सुरू होतंय, तेव्हा दरवर्षीचा आपला अंदाजांचा धागा उघडतो आहे.

नियम गेल्या वर्षीचेच. पुरुष एकेरी आणि महिला एकेरी. उपांत्य फेरीतले चौघे, अंतिम फेरीतले दोघे आणि विजेता, एवढीच नावं द्यायची. उपांत्य फेरीतल्या प्रत्येक बरोबर नावाला २ गुण, अंतिम फेरीतल्या नावाला ३, विजेत्याला ५. दोन्ही मिळून ३८. पॅरिसमध्ये पहिला चेंडू पडायच्या आत, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच वाजायच्या आत, नावं इथे लिहायची. नंतर बदल नाही, खेळाडूने माघार घेतली तरी नाही. पैसे-बिसे काही लावायचे नाहीत. पहिला येईल त्याला बाकीच्यांनी मिळून मिसळ खिलवायची.

आता माझं मत. चार मोठ्या स्पर्धांमध्ये अंदाज बांधायला सगळ्यात भरवशाची ही. गवतावर एखाद्याची सर्व्हिस लागली की तो दिवस त्याचा. मातीवर चेंडूचा वेग मरतो, टप्पा वर येतो, समोरच्याला पोचायला वेळ मिळतो. एक गुण घ्यायला तीनदा जिंकावा लागतो. त्यामुळे फुकटचं कुणालाच काही मिळत नाही आणि जो खरोखर सरस आहे तोच शेवटी उरतो. नदालचा हिशोब बघा: ११६ सामने, ११२ विजय, १४ विजेतेपदं. बोर्गची सहा, ख्रिस एव्हर्टची सात. श्वियातेकने गेल्या पाच वर्षांत चारदा चषक नेला. असं एकाच माणसाचं राज्य इतर कुठल्या कोर्टवर दिसतं?

माझी नावं. पुरुष: सिन्नर, झ्वेरेव्ह, मुसेट्टी, अल्काराझ. अंतिम सामना सिन्नर-अल्काराझ, विजेता अल्काराझ. महिला: सबालेन्का, पाओलिनी, आंद्रिव्हा, गॉफ. अंतिम सामना सबालेन्का-गॉफ, विजेती सबालेन्का.

बॅकहँड (२२ मे)

धाग्याची वाटच बघत होतो. माझा विजेता कॅस्पर रूड. माद्रिद त्याने आत्ताच जिंकलंय, इथे दोनदा अंतिम फेरी खेळलाय. एकदा नदाल समोर आला, एकदा जोकोविच, त्यात त्याचा काय दोष? महिलांमध्ये श्वियातेक. बाकीची नावं रात्री टाकतो.

ड्रॉपशॉट (२२ मे)

लालमाती, तुमच्या मताशी साफ असहमत. तुम्ही राजांची नावं मोजलीत, उलथापालथी मोजल्याच नाहीत.

१९८९ मध्ये १७ वर्षांच्या मायकेल चँगने लेंडलला हरवलं. पायांत गोळे आलेले, उभं राहता येत नव्हतं, म्हणून खालून सर्व्हिस केली, आणि पुढे स्पर्धाही जिंकला. १९९७ चा कुएर्टन जागतिक क्रमवारीत ६६ वा होता. २००४ मध्ये गाऊदिओ मानांकनातही नव्हता, तो गिलेर्मो कोरियाचे चॅम्पियनशिप पॉइंट (समोरच्याने जिंकला की चषक त्याचा, असे गुण) वाचवून जिंकला. महिलांमध्ये २०१७ ची ओस्टापेन्को, २०२१ ची क्रेचिकोव्हा, दोघी बिगरमानांकित. तुमची श्वियातेकसुद्धा २०२० मध्ये ५४ व्या क्रमांकावरून येऊन जिंकली, तेव्हा तिचं नाव कुणाच्या यादीत होतं? उलट सँप्रससारखा खेळाडू १४ ग्रँड स्लॅम जिंकूनही इथे कधी उपांत्य फेरीच्या पुढे गेला नाही.

माती सगळ्यांना वेळ देते हे खरं. पण वेळ मिळाला की लहान माणसाचीही हिंमत वाढते. नदाल हा अपवाद होता, त्याला नियम धरू नका.

माझी नावं: सिन्नर, जोकोविच, फ्रिट्झ, अल्काराझ. विजेता सिन्नर, समोर अल्काराझ. महिला: सबालेन्का, श्वियातेक, पेगुला, गॉफ. विजेती सबालेन्का, समोर पेगुला.

वऱ्हाडी (२३ मे)

ड्रॉपशॉट भाऊ, मातीवर फ्रिट्झ? सर्व्हिसवर खेळणारा गडी हाय तो. पहिल्याच फेरीत घरी जाईन, लिहून ठेवा.

नीलिमा_सातारा (२३ मे)

नमस्कार. मी दरवर्षी नुसती वाचायला येते. या वर्षी आमच्या आबांची (सासऱ्यांची) नावं द्यायची आहेत. वय ७९. शिक्षक होते, निवृत्तीनंतर टेनिसचं वेड लागलं ते लागलंच. त्यांची एक दोनशेपानी वही आहे. प्रत्येक स्पर्धेचा ड्रॉ त्यात पट्टी घेऊन आखतात आणि शिसपेन्सिलीने नावं भरतात. नाव पुढे गेलं तर वरून पेनाने गिरवतात, हरलं तर खोडत नाहीत, तसंच राहू देतात. परवा रात्रीपासून ड्रॉ कधी येतो म्हणून विचारत होते, काल मोबाइलवर मोठा करून दाखवला तेव्हा जेवायला बसले.

त्यांची नावं, त्यांनी सांगितली तशी: सिन्नर, जोकोविच, मुसेट्टी, अल्काराझ. अंतिम सामना जोकोविच-अल्काराझ. विजेता अल्काराझ. महिला: सबालेन्का, श्वियातेक, पेगुला, गॉफ. अंतिम सामना श्वियातेक-गॉफ. विजेती गॉफ.

मी विचारलं, जोकोविच ३८ चा झाला आबा, एवढा पुढे कसा जाईल? म्हणाले, "तो ३८ चा झालाय हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

लालमाती (२३ मे)

आबांना नमस्कार सांगा ताई. त्यांची नावं नोंदवली. वहीचा एक फोटो टाकता आला तर फार बरं वाटेल.

मांडवीकाठ (२३ मे)

पणजीहून हजेरी. सिन्नरला सगळे अंतिम फेरीत कसे काय धरता? तीन महिने खेळलाच नाही. उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात ४ मेपर्यंत बंदी होती, परत येऊन एकच स्पर्धा खेळला, तीही रोमला अल्काराझकडून हरला.

ड्रॉपशॉट (२३ मे)

मांडवीकाठ, तीन महिने न खेळता येऊन पहिल्याच स्पर्धेत थेट अंतिम फेरी, याचाही विचार करा की. आणि त्या प्रकरणात त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता हे उत्तेजकविरोधी संस्थेनेही मान्य केलंय. पहिला सेट टायब्रेकपर्यंत नेला होता रोमला. आता पाय मोकळे झाले असतील.

फक्की (२४ मे)

नावं नंतर देतो, आधी मातीबद्दल लिहितो, कारण वर सगळे "माती माती" म्हणताहेत आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाहीये.

माझं लहानपण जिमखान्याच्या कोर्टांवर गेलं. वडील तिथे कोर्टांची देखभाल करायचे. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं भाऊ त्यांच्याबरोबर. आधी जाळीचं ओझं ओढत आदल्या दिवशीचे पायांचे खड्डे बुजवायचे, मग पाणी. पाणी कमी पडलं तर दहा वाजता कोर्ट धूळ ओकतं, जास्त झालं तर चेंडू भिजून दगड होतो. मग लोखंडी रूळ. त्याच्या दांड्याला दोघं लागलो तरी पहिली ढकल वडिलांचीच लागायची. शेवटी दोरी धरून फक्की मारायची. रेषा बोटभर जरी वाकडी गेली तरी वडील पुसून पुन्हा मारायला लावायचे. माझं इथलं नाव त्या फक्कीवरूनच.

आता पॅरिसचं कोर्ट. लाल दिसते ती माती नव्हेच, विटांचा चुरा. तोही एक-दोन मिलिमीटरचा थर, बस्स. त्याखाली पांढऱ्या चुनखडीचा कूट, त्याखाली कोळशाची खंगर, त्याखाली खडी. तो पांढरा थर पाणी धरून ठेवतो आणि वरच्या विटेला ओल देत राहतो. म्हणून खेळाडू घसरत जाऊन चेंडू मारू शकतो आणि मोजे शेंदरी होतात. आमच्या मुरुमाच्या कोर्टवर तसं घसरायला गेलो तर गुडघा सोलून निघायचा.

मुद्दा हा की ते कोर्ट दिवसभर एकसारखं राहतच नाही. दुपारी ऊन असलं की चेंडू खांद्यापर्यंत उडतो, तेव्हा अल्काराझचं टॉपस्पिन विष आहे. ढग आले, छत मिटलं, रात्रीचं सत्र आलं, की चेंडू जड होतो आणि सपाट, जोरात मारणाऱ्याचं फावतं. म्हणजे सिन्नर, सबालेन्का. त्यामुळे अंदाज बांधताना ड्रॉइतकंच हवामान बघा. मी तेच बघून ठरवलंय: सिन्नर, झ्वेरेव्ह, मुसेट्टी, अल्काराझ, अंतिम सामना सिन्नर-अल्काराझ, विजेता सिन्नर. महिला: सबालेन्का, श्वियातेक, आंद्रिव्हा, गॉफ. अंतिम सामना सबालेन्का-गॉफ, विजेती गॉफ.

बॅकहँड (२४ मे)

फक्की, काय लिहिलंय! वडील आहेत का अजून कोर्टवर?

फक्की (२४ मे)

२०११ ला गेले. त्या कोर्टांवर आता हार्ड कोर्ट झालंय.

सेनकाठची_सई (२६ मे)

पॅरिसहून. काल नदालचा निरोप समारंभ टीव्हीवर बघितला, आणि आज ऑफिसमधून अर्धा दिवस घेऊन प्रत्यक्ष जाऊन आले, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

काल शात्रिए या मुख्य कोर्टवर सगळ्या प्रेक्षकांना मातीच्या रंगाचे टी-शर्ट दिले होते. वरून कॅमेरा फिरला तेव्हा कोर्ट कुठे संपतं आणि माणसं कुठे सुरू होतात कळत नव्हतं. फेडरर, जोकोविच, मरे तिघंही आले होते. मग नेटच्या खांबाजवळची माती झाडून त्याला एक पट्टी दाखवली, तिच्यात त्याच्या बुटाचा ठसा आणि १४ चा आकडा. ती तिथेच कायम राहणार आहे. समारंभात तो माणूस रडला. मीही रडले.

आजचं माझं तिकीट बाहेरच्या कोर्टांचं होतं. मेट्रोची १० नंबरची लाइन धरून पोर्त दोतॉयला उतरायचं आणि लोंढ्याबरोबर चालत जायचं. मला सगळ्यात आवडतं ते सिमोन मातियू कोर्ट, ते काचेच्या झाडघरांच्या मधोमध बांधलंय. फक्की, मी मुद्दाम तुमच्यासाठी बघून ठेवलं: सेट संपला की माणसं येतात, जाळ्या गोल गोल ओढत नेतात, एक जण लांब झाडूने फक्त रेषा झाडतो. टाळ्या फक्त खेळाडूंना मिळतात, आज मी त्या झाडूवाल्याला दिल्या. बूट अजून शेंदरीच आहेत, ते दारात ठेवलेत.

अवांतर: रोलाँ गारोस टेनिसपटू नव्हता हे अजूनही कुणाला माहीत नसतं. तो वैमानिक. १९१३ मध्ये भूमध्य समुद्र न थांबता ओलांडणारा पहिला, पहिल्या महायुद्धात १९१८ ला गेला. १९२८ मध्ये डेव्हिस चषकासाठी स्टेडियम बांधलं तेव्हा त्याला त्याचं नाव दिलं.

वऱ्हाडी (२६ मे)

फ्रिट्झ गेला. पहिल्या फेरीत. मी काय म्हटलं होतं?

ड्रॉपशॉट (२६ मे)

मान्य भाऊ, मान्य. नागपूरला आलो की भेटतो.

बॅकहँड (२८ मे)

रूड हरला. गुडघा दुखावला होता, शेवटच्या सेटमध्ये तर हलताच येत नव्हतं, तरी सामना पूर्ण केला. बोर्जेसने ६-० ने तो सेट घेतला. मला गुणांचं काही नाही, पण त्या माणसाच्या वाट्याला हे दर वर्षी काय येतं? आता मी अल्काराझच्या बाजूने, गुण नसले तरी.

मांडवीकाठ (३० मे)

काल फ्रान्सच्या गास्केचा शेवटचा सामना झाला, सिन्नरसमोर. एका हाताचा इतका सुंदर बॅकहँड आता कुठे बघायला मिळणार? आमच्याकडे वीज गेली होती, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर बघितला.

अवांतर: आपल्या लोकांनी या मातीवर काय काय केलंय ते नव्या पोरांना माहीत नाही. भारतीयाने जिंकलेलं पहिलं ग्रँड स्लॅम इथलंच, १९९७ मध्ये महेश भूपतीने रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरीत. मग १९९९ मध्ये पेस-भूपती. २०१२ मध्ये सानिया-भूपती, २०१७ मध्ये बोपण्णा. दुहेरीचेही अंदाज घ्या पुढच्या वर्षी.

लालमाती (१ जून)

दुहेरीची सूचना घेतली.

आज मला वेगळंच सांगायचंय. अल्काराझ-शेल्टन सामना बघितलात? शेल्टनचा फटका बाजूने निघाला होता, अल्काराझने झेप घेतली, चेंडू नेटपलीकडे पडला आणि गुण त्याला मिळाला. तो उठला आणि पंचाकडे गेला, सांगितलं की चेंडू लागला तेव्हा रॅकेट माझ्या हातात नव्हती. गुण शेल्टनला. कुणालाही दिसलं नव्हतं. पंचाला नाही, समोरच्यालाही नाही. मुलगी शेजारी बसली होती, नऊ वर्षांची. तिने विचारलं, "मग त्याने सांगितलं का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिला परत तो गुण लावून दाखवला.

फक्की (२ जून)

लालमाती, तो गुण मीही परत लावून बघितला. यावरून एक आठवलं. या वर्षी माद्रिद, रोमला रेषा कॅमेऱ्याने बघितल्या, विम्बल्डनही या वर्षी रेषापंच काढतंय. माद्रिदला झ्वेरेव्हने तर मोबाइल काढून ठशाचा फोटोच काढला, कारण मशीन म्हणत होतं आत आणि ठसा दिसत होता बाहेर. फ्रान्सने अजून माणसं ठेवलीत. पंच खाली उतरतो, ठशापाशी वाकतो, बोट दाखवतो. मला तेच बरं वाटतं. चेंडूने मातीवर सही केलेली असते.

ड्रॉपशॉट (२ जून)

इथे मात्र माझा विरोध. ठसा कुठला ते ओळखण्यातच अर्ध्या चुका होतात. शेजारी शेजारी चार ठसे असतात. चूक झाली आणि सामना गेला तर त्या पोराने काय करायचं? कॅमेरा आणा.

सेनकाठची_सई (४ जून)

इथे फ्रान्समध्ये सध्या एकच विषय आहे, लोइस ब्वासाँ. (आपल्या टीव्हीवर "बॉइसन" म्हणताहेत असं बहिणीने सांगितलं, ते नाव ब्वासाँ.) ३६१ वा क्रमांक, वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) आली. गेल्या वर्षीही तिला वाइल्ड कार्ड मिळालं होतं, स्पर्धा आठवड्यावर आली आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. कित्येक महिने घरी. आता परत येऊन तिसरी मानांकित पेगुला हरवली आणि आज सहावी मानांकित आंद्रिव्हा. थेट उपांत्य फेरी! आमच्या ऑफिसात कुणी काम करत नव्हतं, सगळे एका लॅपटॉपभोवती. माझी शेजारीण दिजाँची आहे, ब्वासाँ तिच्या गावची. ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

लालमाती, तुमची आंद्रिव्हा गेली आणि आबांची पेगुलाही. दोघांचे गुण एकाच मुलीने नेले.

ड्रॉपशॉट (४ जून)

माझीही पेगुलाच होती, पण मी खूश आहे. २२ तारखेला काय लिहिलं होतं मी? माती लहान माणसाला वेळ देते. कुणाच्या यादीत होतं का हे नाव?

नीलिमा_सातारा (५ जून)

आबांनी वहीत पेगुलाच्या शेजारी ब्वासाँचं नाव नव्याने लिहिलंय, पहिल्या फेरीपासून प्रत्येक घरात, आणि पेनाने गिरवलंय. म्हणाले, "पोरगी आपल्या बळावर इथवर आली, तिला घर द्यायला हवं." जोकोविचने झ्वेरेव्हला हरवल्यापासून ते खुशीत आहेत. वहीचा फोटो जोडते आहे.

लालमाती (५ जून)

काय अक्षर आहे! अजून शिक्षकच वाटतात.

वऱ्हाडी (७ जून)

काल जोकोविच गेला, तीन सेटमध्ये. पण तिसऱ्याच्या टायब्रेकपर्यंत लढला म्हातारा. (म्हातारा मायेने म्हटलं, आबांनी राग मानू नये.) मुसेट्टीचा पाय दुखावला, चौथ्या सेटमध्ये सोडून द्यावं लागलं. म्हणजे सिन्नर-अल्काराझच.

फक्की (७ जून)

गॉफ! पाच गुण माझे आणि आबांचे.

आज वारा बघितलात? धूळ उडत होती, चेंडू हवेत वाट बदलत होता. सबालेन्काने पहिल्या सेटमध्ये ४-१ आघाडी घेतली, सेटही टायब्रेकवर घेतला, पण तशा वाऱ्यात रेषेला धरून मारायचं म्हणजे चुका होणारच. ७० चुका झाल्या तिच्या. गॉफने काय केलं? रेषेपासून चार हात आत मारलं आणि धावत राहिली. २०२२ मध्ये इथेच श्वियातेककडून अंतिम सामना हरून रडली होती ती पोरगी. सेरेनानंतर दहा वर्षांनी अमेरिकेकडे चषक.

बॅकहँड (७ जून)

श्वियातेकला उपांत्य फेरीत तिसऱ्या सेटमध्ये ६-० बसलं ते मला बघवलं नाही. सलग २६ सामने इथे हरली नव्हती.

लालमाती (८ जून, रात्री)

अंतिम सामन्याचे पहिले दोन्ही सेट सिन्नरचे. इथे येईपर्यंत स्पर्धेत एक सेट गमावला नव्हता, अजूनही नाही. अल्काराझ दोन सेट मागे पडून आजवर एकदाही जिंकलेला नाही.

ड्रॉपशॉट (८ जून, रात्री)

माझा विजेता येतोय.

बॅकहँड (८ जून, रात्री)

तिसरा अल्काराझचा!! थांबा!

फक्की (८ जून, रात्री)

चौथा सेट, ५-३ सिन्नर, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. विजेता मीही सिन्नरच लिहिलाय, तरी हात थरथरतोय टाइप करताना.

मांडवीकाठ (८ जून, रात्री)

तिन्ही वाचवले!!!

वऱ्हाडी (८ जून, रात्री)

अरे हे काय चाललंय काय. ब्रेक! ५-५! आई उठून आली, म्हणे घरात भांडण झालं का.

सेनकाठची_सई (८ जून, रात्री)

इथे अजून उजेड आहे आणि खालच्या चौकातल्या कॅफेतून एकाच वेळी दोनशे माणसं ओरडल्यासारखा आवाज येतोय. पाचवा सेट सुरू.

बॅकहँड (८ जून, रात्री)

५-४, अल्काराझ सामन्यासाठी सर्व्हिस करणार... सिन्नरने ती तोडली. कुठून आणतो हा माणूस पाय?

लालमाती (९ जून, मध्यरात्र उलटून)

शेवटचा टायब्रेक १०-२. अल्काराझ!

४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६. पाच तास २९ मिनिटं. इथला आजवरचा सगळ्यात लांब अंतिम सामना. याआधीचा १९८२ चा, विलँडर-विलास, तोही पावणेपाच तासांच्या आतला. तो शेवटचा टायब्रेक परत बघा कधीतरी. पाच तास खेळलेला मुलगा धावत जाऊन बाहेरून रेषेवर फटके मारतोय. मुलगी सोफ्यावर झोपलीय, तिला उठवून शेवटचा गुण दाखवला, तिने टाळ्या वाजवल्या आणि परत झोपली.

ड्रॉपशॉट (९ जून)

झोप आली नाही. आकडे काढून बसलो. संपूर्ण सामन्यात सिन्नरने १९३ गुण जिंकले, अल्काराझने १९२. जास्त गुण जिंकणारा हरला. लालमाती, तुम्ही म्हणाला होता की मातीवर सरस असेल तोच उरतो. आता सांगा, काल सरस कोण होता?

लालमाती (९ जून)

सकाळपासून यावरच विचार करतोय. मी चुकलो होतो, पण तुम्ही म्हणता तसाही नाही. लहान माणसाला वेळ मिळतो हे ब्वासाँने दाखवलं. पण काल दोघंही मोठेच होते. ०-४० ला अल्काराझने काही जगावेगळं केलं नाही. पुढचा गुण खेळला, मग त्याच्या पुढचा. गवतावर तिथे एक एस (समोरच्याची रॅकेटच न लागलेली सर्व्हिस) बसला असता आणि आपण सगळे साडेदहाला झोपलो असतो. मातीवर सिन्नरला तो एक गुण संपवताच आला नाही, कारण चेंडू परत येत राहिला. मी "सरस" असं लिहिलं तिथे "ज्याचा चेंडू परत येत राहतो तो" असं लिहायला हवं होतं. आणि ते ड्रॉ बघून आधी कसं ओळखायचं, मला माहीत नाही.

गुण: आबा ३०. फक्की २९. मी २७. ड्रॉपशॉट २१. बाकीच्यांचे संध्याकाळी टाकतो, पण ३० च्या वर कुणीच नाही, दोनदा तपासलं.

नीलिमा_सातारा (९ जून)

काल ०-४० झालं तेव्हा आबा उठले. "पोराला असं हरताना बघवत नाही" म्हणाले आणि आत जाऊन झोपले. आम्ही दोघं आवाज बंद करून बघत बसलो. पाचवा सेट सुरू झाला तेव्हा ह्यांनी विचारलं, उठवू का? मी नको म्हटलं, रक्तदाबाची गोळी घेऊन झोपले होते. रात्रभर मनाला लागून राहिलं.

सकाळी सहाला उठून ते नेहमीसारखे पेपरवर थांबले. आमच्याकडे येणारी आवृत्ती लवकर छापायला जाते, त्यात फक्त "सिन्नर दोन सेटने आघाडीवर" एवढंच. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि वही उघडली. अल्काराझच्या नावासमोर पेन्सिलीचं ते शेवटचं घर. बघत बसले होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, आबा, पेन घ्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलवर चौथ्या सेटपासून पुढचं सगळं बघितलं, जागचे हलले नाहीत. आंघोळ आज अकराला झाली. आणि पेनाने गिरवलं ते दोनदा, कागद फाटायच्या बेताला आलाय.

पुण्याला कट्ट्याला यायचं त्यांना आता जमणार नाही, प्रवास झेपत नाही. मिसळ तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या नावाने खा.

लालमाती (९ जून)

ताई, असं कसं? मिसळ जिंकणाऱ्याची. १५ तारखेच्या रविवारी आम्ही साताऱ्याला येतो. मी आणि मुलगी नक्की. अजून कोण?

फक्की (९ जून)

मी येतो. गाडीत तिघांची जागा आहे, स्वारगेटहून सकाळी सहाला निघेन.

ड्रॉपशॉट (९ जून)

माझी एक जागा धरा. आबांना त्या १९३ बद्दल विचारायचंय.

नीलिमा_सातारा (९ जून)

आबांना वाचून दाखवलं. म्हणताहेत या, पण मिसळ घरीच होईल, मटकी शनिवारी भिजत घालतो. तिखट किती चालतं ते प्रत्येकाने कळवा. आणि विम्बल्डनचा ड्रॉ निघाला नसेल तरी चालेल, पानं आखून ठेवलीत.